उभं राहून तीनदा

जेवताना इंग्रजी चुकलं की आमच्या घरात उभं राहावं लागे. ताटावरून उठायचं, खरकटा हात तसाच धरायचा, चुकलेलं वाक्य दुरुस्त करून तीनदा म्हणायचं आणि मगच बसायचं. मध्ये अडखळलं की पुन्हा पहिल्यापासून. घरात पाहुणे असले तरी सूट नव्हती. उलट पाहुणे असले की नानांना जास्तच चेव यायचा.

नाना म्हणजे माझे वडील, यशवंतराव औंढेकर. हैदराबादेतल्या एका शाळेत त्यांनी पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि शाळा सुटल्यावर उरलेल्या शहराला. 'डिस्कस अबाउट' कानावर आलं की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. 'रिटर्न बॅक', 'कोप अप', 'मायसेल्फ अमुकतमुक' ही सगळी त्यांची जन्माची वैरी. कुणी 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' म्हणालं तर विचारायचे, "भाऊ काय ताटात वाढून घेतलेत?" लग्नपत्रिका आली की आधी पेन्सिल शोधायचे, लग्न कुणाचं ते नंतर बघायचे. एकदा सुलतान बाजारात वह्या-पेनांच्या एका दुकानावर पाटी होती, त्यात 'स्टेशनरी'चं एक अक्षर चुकलेलं, त्यामुळे अर्थ होत होता 'जागचं न हलणारं'. नाना भर गर्दीत आत शिरले आणि दुकानदाराला दहा मिनिटं समजावत बसले. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दुकान हिलती क्या साब? नै हिलती ना? फिर सही है." मी तेव्हा बारा वर्षांची होते, मला हसू आवरेना. घरी पोचेपर्यंत नाना माझ्याशी बोलले नाहीत.

बाहेरच्यांना हे सगळं गमतीचं वाटायचं. औंढेकर सरांचे किस्से म्हणून लोक अजून सांगतात. घरात राहणाऱ्यांना विचारा.

आई नांदेडची, मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिला चारचौघांत उभं राहावं लागलं, हातात उलथनं, तव्यावर पोळी करपतेय आणि सासरची माणसं बघतायत. त्या दिवसापासून तिनं इंग्रजी शब्दच टाकून दिले. फ्रिजला ती 'थंड कपाट' म्हणायची, टीव्हीला 'ते चित्रांचं'. चार वर्षांपूर्वी ती गेली. शेवटच्या आठवड्यात आयसीयूलासुद्धा 'काचेची खोली' म्हणत होती. तिचे हे शब्द आम्ही लाडानं वापरतो, पण ते लाडातून आलेले नव्हते. ते भीतीतून आले होते, आणि हे मला ती गेल्यावर कळलं.

सगळ्यात जास्त उभा राहिला तो माझा धाकटा भाऊ गिरीश. त्याला 'चिल्ड्रन' काही जमायचं नाही, 'चिल्ड्रन्स' व्हायचंच. 'डिड'नंतर 'केम' यायचं. रोज रात्री वरण-भात वाढला की पाचव्या मिनिटाला तो उभा. तीनदा बरोबर येईपर्यंत भातावर साय धरल्यासारखं वरण थिजायचं. मग तो खाली मान घालून ते गार जेवण गिळायचा. आई त्याला पुन्हा गरम वाढायला गेली तर नाना म्हणायचे, "राहू दे. लक्षात राहील." लक्षात राहिलं. गिरीश आधी जेवताना बोलायचा थांबला, मग घरातच बोलायचा थांबला. आज तो कोंडापूरला एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, दिवसभर अमेरिकेतल्या लोकांशी बोलतो, शंभर चुका करतो आणि त्याचं काही म्हणता काही अडत नाही. तारनाक्याला आमच्या घरी मात्र दिवाळीला येतो, तोही चहापुरता.

आणि मी, अनुराधा. मी उभी राहिले ती फार तर चार-पाच वेळा, कारण मी नानांच्या बाजूची होते. गिरीशचं चुकलं की नानांच्या आधी मीच ओरडायचे, "उभा राहा!" नाना माझ्याकडे बघून हसायचे. त्या हसण्यासाठी मी काहीही केलं असतं. आता चौपन्न वर्षांची आहे, सुलतान बाजारात एका वकिलांच्या कचेरीत त्यांचे मसुदे तपासते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांवर खुणा करते आणि त्याचा पगार घेते. लग्न मोडून परत आले तेव्हा नानांनी काही विचारलं नाही, माझी खोली तेवढी झाडून ठेवली होती. तेव्हापासून बारा वर्षं आम्ही एकत्रच राहतो.

गेल्या श्रावणात एका सकाळी नाना नेहमीसारखे इंग्रजी पेपरवर पेन्सिलीनं खुणा करत बसले होते. पेन्सिल हातातून पडली. ती उचलायला ते वाकले आणि तसेच कलंडले. उजवी बाजू गेली. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, पायही हळूहळू येईल, पण मेंदूत जिथे भाषा असते तिथेच मार बसलाय. त्यांना सगळं कळतंय, पण हवा तो शब्द हाताशी येणार नाही. भलताच येईल.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी डोळे उघडले आणि टेबलावरच्या तांब्याकडे डावा हात केला. ओठ हलले. आणि नाना बोलले. मोठ्यानं, स्वच्छ.

"पेन्सिल."

 तीन दिवस ज्या आवाजासाठी मी देव पाण्यात घालून बसले होते तो आवाज. आणि मी काय केलं? मी हसले. आनंदानं हसले, खरंच आनंदानं, आणि म्हणाले, "पेन्सिल नाही नाना, पाणी. म्हणा, पाणी." पलीकडच्या खाटेशी उभी असलेली नर्सही हसली. मी पुन्हा म्हणाले, "म्हणा ना. पा-णी."

नानांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी ओळखत होते. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी आमच्या जेवणाच्या खोलीत, वरण-भाताच्या ताटासमोर उभ्या असलेल्या पोराची होती ती. त्यांनी तोंड मिटलं. मी तांब्यातलं पाणी भांड्यात ओतून ओठांना लावलं तरी त्यांनी ते उघडलं नाही. पाणी मानेवरून उशीवर गेलं.

त्यानंतर माझ्यासमोर ते एक शब्द बोलले नाहीत.

घरी आणल्यावर आठवड्यातून तीनदा नेहा यायला लागली. ही वाचा सुधारणारी मुलगी, पुण्याची, नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आलेली, तिशीची असेल. चित्रांचे पत्ते घेऊन यायची, नानांसमोर एकेक धरायची आणि वाट बघायची. नाना मान हलवायचे, बोट दाखवायचे, पण तोंडातून चकार शब्द नाही. तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "काकू, पहिले तीन-चार महिने फार महत्त्वाचे असतात. आत्ता बोलले तर बोलतील. नाही बोलले तर मग फार अवघड होत जातं. त्यांना सांगा, चुकलं तरी चालेल. खरं म्हणजे जितकं चुकतील तितकं लवकर येईल."

जितकं चुकतील तितकं लवकर येईल. आमच्या घरात हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं गेलं. मी मान डोलावली, पण हॉस्पिटलातल्या पेन्सिलीचं तिला सांगितलं नाही. लाज वाटली.

मी कचेरीत जायचे तेव्हा दुपारी दोन ते सहा खालच्या मजल्यावरचे अप्पाराव नानांपाशी येऊन बसायचे. रेल्वेतून निवृत्त झालेले, एकटेच राहणारे. वीस वर्षांपूर्वी राहायला आले तेव्हा त्यांनी नानांना मोठ्या आदरानं विचारलं होतं, "व्हॉट इज युवर गुड नेम?" नाना म्हणाले, "बॅड नेम वेगळं आहे का?" त्यानंतर वीस वर्षं दोघांचं नमस्कारापलीकडे गेलं नाही. पण नानांना घरी आणलं आणि दुसऱ्याच दिवशी अप्पाराव आपली तेलुगू पेपरची घडी घेऊन दारात हजर. पैशाचं विचारलं तर रागावले. रोज संध्याकाळी आले की मी विचारायचे, "कुछ बोले क्या आज?" आणि ते मान हलवून म्हणायचे, "नै अम्मा. चुप बैठे."

दीड महिना असा गेला. मग मी गिरीशला फोन केला.

"मी येऊन काय करू ताई?" तो म्हणाला. "माझ्याशी ते बोलता येत होतं तेव्हाही बोलत नव्हते."

"तू ये. माझ्या डोक्यात एक आहे."

डोक्यात होतं ते असं. नानांसमोर दोघांनी बसून मुद्दाम गाढवासारखं इंग्रजी बोलायचं. आयुष्यभर जे ऐकून हा माणूस पेटून उठला ते ऐकून एकदा तरी तोंड उघडेल. रागानं का होईना. गिरीश फोनवर हसला. बऱ्याच वर्षांनी हसला माझ्याशी.

रविवारी दुपारी तो आला. नानांना टेबलाशी बसवलं, डाव्या हातात चमचा दिला, दहीभात वाढला. आणि आम्ही सुरू केलं.

"व्हाय यू डिडन्ट केम लास्ट संडे?" मी विचारलं.

"माय चिल्ड्रन्स वॉज हॅविंग फीवर," गिरीश म्हणाला.

"यू शुड डिस्कस अबाउट इट विथ डॉक्टर."

"आय डिस्कस्ड अबाउट. ही टोल्ड टू कोप अप."

नानांचा चमचा थांबला. त्यांनी मान वर करून गिरीशकडे बघितलं, मग माझ्याकडे. जबडा हलला. गळ्याची शीर ताठ झाली.  मला वाटलं, आलं, आता आलं. मनात मी म्हणत होते, ओरडा नाना, शिव्या घाला, उभं करा आम्हाला.

त्यांनी मान खाली घातली आणि चमचा पुन्हा भातात घातला. भात तोंडाशी जाईपर्यंत निम्मा सांडला.

मग गिरीशनं जे केलं ते ठरलेलं नव्हतं. तो खुर्ची मागे सरकवून उभा राहिला. दाढी पांढरी झालेला माणूस, खरकटा हात छातीशी धरून, समोर बघत. "माय चिल्ड्रन हॅड फीवर," तो म्हणाला. "माय चिल्ड्रन हॅड फीवर. माय चिल्ड्रन हॅड फीवर." तिन्ही वेळा अगदी बिनचूक. आणि तो नानांकडे बघत राहिला. नानांनी डाव्या हातानं ताट लांब सारलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

निघताना जिन्यात गिरीश थांबला. म्हणाला, "ताई, लहानपणी मी रोज देवाकडे मागायचो. यांची वाचा जाऊ दे म्हणून. खरंच मागायचो गं."

"पोरगा होतास तू."

"हौ. पण मागितलं तर होतं ना."

 त्याचा हात धरावा असं वाटलं, पण आमच्या घरात ती सवय नाही. तो खाली उतरून गेला.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी नाना नेहासमोर बोलले. मी त्या दिवशी घरी होते, स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, त्यांची माझ्याकडे पाठ होती. नेहानं कपाचं चित्र धरलं आणि नाना म्हणाले, "घड्याळ."

"वा! वा, नाना!" नेहानं टाळ्या वाजवल्या. बिचारीला खरंच आनंद झाला होता. पण नानांनी स्वतःचा शब्द ऐकला होता. चूक झाल्याचं त्यांना कळलं होतं, मानेवरूनच मला ते दिसलं. त्यांनी डावा हात खुर्चीच्या दांड्यावर रोवला आणि ते उठायला लागले.

"बाथरूमला जायचंय का?" नेहानं विचारलं.

मला माहीत होतं कुठे जायचंय ते. कुठेच जायचं नव्हतं. ते उभे राहत होते. चूक झाली होती, म्हणून नियमाप्रमाणे उभे राहत होते. उजवा पाय लाकडासारखा, सगळा भार डाव्यावर, आणि ब्याऐंशी वर्षांचा माणूस टेबलाला धरून ताठ उभा राहिला. तोंड उघडलं. "क..." पुन्हा. "क... क..." शब्द येत नव्हता, आणि तो तीनदा यायला हवा होता.

"नाना, बसा," मी पुढे येऊन म्हणाले. "बसा ना. झालं. कुणी सांगितलं नाही उभं राहायला."

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कपाळावरून घाम ओघळत होता. डावा गुडघा लटलट कापायला लागला. नेहा त्यांना दंडाला धरून बसवायला गेली तर त्यांनी तिचा हात झटकला. मी रडत होते आणि म्हणत होते, "नियम संपला नाना, आता नाही तो नियम," आणि ते आपले "क... क..." करत उभे. चार मिनिटं तरी असं चाललं असेल. मग गुडघा मोडला आणि खुर्चीसकट ते खाली गेले. टेबलाचा कोपरा कपाळाला लागला. तीन टाके पडले.

पुढच्या वेळी नेहा आली तेव्हा त्यांनी सगळे पत्ते डाव्या हातानं टेबलाखाली लोटून दिले. त्याच्या पुढच्या वेळीही. मग मी तिला हॉस्पिटलातलं सगळं सांगितलं. पेन्सिल, पाणी, माझं हसणं, सगळं. ती म्हणाली, "काकू, तुमची चूक नाही यात." असं म्हणायला या मुलींना शिकवलेलं असतं. माझी चूक होती. हॉस्पिटलात एवढी माणसं आपल्या आजाऱ्यांशी बोलत होती, कुणाच्याही मुलीनं बापाला पहिल्या शब्दाला दुरुस्त केलं नसतं. ते मीच करू जाणे.

नेहानं काही दिवस यायचं थांबवलं. म्हणाली, बळजबरी नको. तीन महिने उलटले होते, चौथा चालू होता. मी घरात बोलणं कमी केलं, मग मुद्दाम जास्त केलं, मग पुन्हा कमी केलं. नाना डोळ्यांनी सगळं ऐकायचे आणि मूग गिळून बसायचे.

डिसेंबरात एक दिवस एक ज्येष्ठ वकील वारले म्हणून कोर्टाचं काम दुपारीच बंद झालं. कचेरीही सुटली. कचेरीजवळच्या कोठीहून बस पकडून मी तीनच्या सुमारास तारनाक्याला पोचले, जिना चढले, पर्समधून किल्ली काढली आणि कुलपात घालणार तेवढ्यात आतून बोलण्याचा आवाज आला. टीव्ही असेल असं वाटलं. मग अप्पारावांचं हसणं ऐकू आलं. आणि त्यामागोमाग दुसरं हसणं.

मी दाराला कान लावला. नाना बोलत होते. तेलुगूत.

नानांचं तेलुगू म्हणजे काय ते हैदराबादेतल्या आमच्यासारख्या घरांना वेगळं सांगायला नको. सगळा जन्म या शहरात काढला, पण तेलुगू बाजारापुरतं. क्रियापदं सगळी उलटीपालटी, बाईला पुरुष करतील, पुरुषाला म्हैस. भाजीवाली पोट धरून हसायची आणि नानाही हसायचे. त्या भाषेत त्यांना कधी कुणी उभं केलं नव्हतं, आणि त्यांनीही कुणाला नाही. ती मोडकीतोडकी भाषा त्यांच्याकडे शिल्लक राहिली होती. एकेक शब्द दम खाऊन येत होता, मध्ये भलतेच शब्द घुसत होते, अप्पाराव अंदाजानं दुसरा शब्द सुचवत होते, चुकला तर दोघं हसत होते.

मग हसणं थांबलं. नाना हळू बोलायला लागले. मला तेलुगू चांगलं येतं, पण चांगलं येत नसतं तरीही मला ते कळलं असतं.

"पिल्लगाडु," नाना म्हणाले. पोरगा. बराच वेळ गेला. "निलबडे." उभा राहिला. पुन्हा बराच वेळ. "अन्नम्... चल्लगा." भात गार.



"ना तप्पु," नाना म्हणाले. माझी चूक.

गिरीशनं चाळीस वर्षं या शब्दांची वाट बघितली होती. आईनं मरेपर्यंत बघितली. आणि ते शब्द खालच्या मजल्यावरच्या माणसाला, बाजारच्या भाषेत सांगितले जात होते.  हातातली किल्ली वाजू नये म्हणून मी ती मुठीत आवळून धरली.

अप्पाराव हळूच म्हणाले, हे पोरांना सांगा ना सर. लेकीला तरी सांगा. रोज विचारते बिचारी.

"वद्दु," नाना एकदम म्हणाले. नको. मग शब्द शोधत थांबले, आणि सापडल्यावर म्हणाले, "बिड्डा मुंदर वद्दु." लेकीसमोर नको.

मी तशीच पाय न वाजवता खाली उतरले. कंपाउंडमधल्या ओट्यावर जाऊन बसले. रडू येत होतं आणि त्याच वेळी आनंदही झाला होता, खोटं कशाला सांगू. नाना बोलत होते. जग जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण ज्या एका माणसासमोर ते बोलणार नव्हते ती मी होते, आणि त्यांना तसं मीच केलं होतं. की त्यांनी मला केलं होतं? कुणी कुणाला केलं हे मी तीन तास शोधत बसले. सहा वाजता वर गेले.

"कुछ बोले क्या आज?" मी विचारलं.

अप्पारावांनी पेपरची घडी घातली. "नै अम्मा," ते म्हणाले. "चुप बैठे." नाना भिंतीकडे बघत होते. दोघंही खोटं बोलण्यात पटाईत झाले होते.

त्या रात्री मी गिरीशला फोन करून सगळं सांगितलं. भाताचंही. 

"मी येऊ?" त्यानं विचारलं. "दाराबाहेर उभा राहीन फक्त. ऐकीन आणि जाईन."

"नक्को रे," मी म्हणाले. "त्यांना नुसतं कळलं ना कुणी ऐकतंय, की तेही बंद होईल."

नेहालाही सांगितलं. तिला फार आनंद झाला. म्हणाली, भाषा कुठलीही असो, तोंड उघडलं हे महत्त्वाचं, हळूहळू मराठीही येईल. येईलही. अप्पारावांना मराठी येत नाही, एवढीच काय ती अडचण.

याला आता दोन महिने होतील. मी कचेरीतून रोज ठरल्या वेळी येते, आधी नाही. जिन्याच्या वळणावर आले की आवाज ऐकू यायला लागतो. शब्द वाढलेत. परवा एक अख्खं वाक्य ऐकलं, भाजीच्या भावाबद्दल होतं, सगळं चुकीचं होतं आणि मला ते इतकं सुंदर वाटलं की मी कठड्याला धरून उभी राहिले. त्यांच्या तोंडून मला एकदा माझं नाव ऐकायचंय. चुकीचं चालेल. मला 'गिरीश' म्हणाले तरी चालेल, 'पेन्सिल' म्हणाले तरी चालेल, मी ओ देईन. पण हे त्यांना सांगायचं कसं? सांगायला गेले तर मी ऐकलं हे त्यांना कळेल.

किल्ली माझ्याकडे असते. पूर्वी मी कुलूप उघडून थेट आत जायचे. आता जात नाही. दारासमोर उभी राहते, ते बोलत असतात ते वाक्य पुरं होऊ देते. मग बेल वाजवते, आणि आतला आवाज थांबेपर्यंत बाहेर उभी राहते.